लॅक्रॉस: डिफेन्ससाठी साहित्य घेताना काय बघावं?

मृण्मयी_बे
मेरीलँडमधल्या हायस्कूलचा सीझन तोंडावर आलाय. मुलगा नववीत आहे. मिडफिल्डवरून त्याला क्लोज डिफेन्सला (गोलजवळच्या बचावाला) घेतलंय, म्हणजे आता लांब काठी, 'पोल', आली. इथे खेळवणारे, जाळी विणणारे, शिट्टी फुंकणारे असे बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

१. पोल अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा की कार्बनचा? पूर्ण लांबीचा ठेवायचा की कापायचा?
२. शॉर्ट स्टिकचं (आखूड काठीचं) हेड, म्हणजे टोकाचा जाळीचा भाग, काढून पोलवर बसवलं तर चालेल का?
३. ग्लोव्ह्ज, आर्म पॅड, शोल्डर पॅड बदलायचे का? शोल्डर पॅड २०१९ सालचे आहेत, चुलतभावाचे, दिसायला ठणठणीत.

उंची ५ फूट ६ इंच, अंगकाठी बारीक. दुकानदार सगळंच नवं घ्या म्हणतोय.

पिवळा_रुमाल
मृण्मयीताई, तिसऱ्या प्रश्नातलं शोल्डर पॅडचं उत्तर आधी देतो, कारण त्यात पसंतीचा भाग नाही. १ जानेवारी २०२२ पासून हायस्कूलच्या मुलांच्या लॅक्रॉसमध्ये प्रत्येक फिल्ड प्लेअरचे (गोलकीपर सोडून बाकी सगळ्यांचे) शोल्डर पॅड नॉक्सीच्या (खेळाच्या साहित्याची सुरक्षा-मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) एनडी २०० मानकाचेच लागतात. गोलीला (गोलकीपरला) हाच नियम वर्षभर आधी, २०२१ पासून लागला. पॅडच्या आत किंवा छातीच्या भागावर तसा छापील शिक्का असतो, तो शोधा. २०१९ सालच्या पॅडवर तो नसेल असंच धरून चाला. शिक्का नसेल तर पॅड कितीही ठणठणीत असू दे, मैदानावर चालत नाही. आतून फोमचा तुकडा शिवून जुना पॅड नियमात बसत नाही, ही शक्कल बऱ्याच ठिकाणी बघायला मिळते म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता काठीचे आकडे. लांब काठी ५२ ते ७२ इंच, आखूड ४० ते ४२ इंच. ही लांबी हेडसकट, टोकापासून टोकापर्यंत मोजतात. गोलीची काठी सोडून एका संघाच्या मैदानावर एका वेळी जास्तीत जास्त चार लांब काठ्या. तीन क्लोज डिफेन्सच्या, चौथी बहुधा लाँग स्टिक मिडीची, म्हणजे लांब काठीनं खेळणाऱ्या मिडफिल्डरची.

बाल्टिमोरकर
दुकानात 'डिफेन्स शाफ्ट' म्हणून जो मिळतो तो नुसता दांडा ६० इंचांचा असतो. हेडचा गळा (दांडा ज्यात बसतो तो भाग) त्यावर काही इंच चढतो, त्यामुळे हेडमुळे खरी भर साधारण १० ते ११ इंचांची पडते. एकूण ७० ते ७१ इंच, म्हणजे नियमात.

क्लोज डिफेन्सला हायस्कूलमध्ये पूर्ण ६० इंची शाफ्टच द्या. या जागेवरचं निम्मं काम अटॅकमनला (समोरच्या हल्लेखोराला) काठीभर अंतरावर ठेवण्याचं असतं. तो क्रीजच्या (गोलभोवतीच्या वर्तुळाच्या) मागून वळून यायला लागला की पोलचं टोक त्याच्या हातांवर असायला हवं आणि आपले पाय मागे मोकळे. चार इंच कापले की तेवढंच आपल्याला पुढे सरकावं लागतं, आणि पुढे सरकलेल्या डिफेंडरला चकवणं सोपं. शिवाय पासच्या वाटेत नुसती काठी उभी धरली तरी फीड (गोल करायला दिलेला पास) अडतो. तो फायदाही लांबीचाच.

लाँगस्टिक_७२
बाल्टिमोरकरांशी अर्धा सहमत. बारीक मुलाच्या हातात ७१ इंच आले की पहिले काही आठवडे ग्राउंड बॉल (जमिनीवरून उचलायचे चेंडू) निसटतात, कारण मागचा हात उंच राहतो आणि हेड चेंडूखाली जाण्याऐवजी चेंडूवर आपटतं. त्यासाठी काठी कापायला लागत नाही, सवय लागते. पण बारा-तेरा वर्षांचं मूल असेल तर ५४ इंचांपर्यंत कापलेला शाफ्ट बरा. हेडसकट ६४-६५ इंच होतात, नियमात बसतं, आणि खांद्यावर ताण येत नाही. त्याहून लहान गटांत बऱ्याच लीग लांब काठी देतच नाहीत. आपल्या लीगची नियमपुस्तिका बघून मगच पैसे घाला.

खारीबिस्किट
सहा फुटी काठी गाडीत ठेवायची कशी, यावर वेगळा धागा काढा. आमच्याकडे आजी मागच्या सीटवर बसल्या की पोलचं टोक थेट त्यांच्या पदरात.

बाल्टिमोरकर
@खारीबिस्किट, डॅशबोर्डपासून दोन सीटच्या मधून तिरकी, हेड मागच्या बाजूला. पण उन्हात बंद गाडीत ठेवून जाऊ नका. हेड नायलॉनचं असतं. तापलेल्या गाडीत त्यावर दुसरी बॅग पडली की साइडवॉल (हेडची बाजूची भिंत) एका बाजूला कलतो आणि मग चेंडू कायम डावीकडे किंवा उजवीकडे जातो.

शाल्मली_एनजे
अ‍ॅल्युमिनियम की कार्बन यावर कोणीतरी सविस्तर लिहा ना. माझाही तोच प्रश्न आहे.

बाल्टिमोरकर
लिहितो.

अ‍ॅल्युमिनियमचे म्हणजे मिश्रधातूचे शाफ्ट मार खाल्ल्यावर पोचतात किंवा वाकतात. बहुतेक पोच वरच्या हाताच्या पुढे, हेडखालच्या दीड फुटात येतात, कारण चेक (चेंडू पाडायला काठीनं मारलेले फटके) तिथेच लागतात. छोटी पोच असली तरी काठी खेळवता येते. वाकली की टेबलावर ठेवून फिरवून बघा, मधे उजेड दिसला तर ती सरळ करण्याच्या फंदात पडू नका. एकदा सरळ केलेला धातू पुढच्या वेळी त्याच जागी मोडतो. मिश्रधातूत स्कँडियम असलेले शाफ्ट पातळ भिंतीतही ताठ राहतात, म्हणून ते हलके आणि महाग.

कार्बन वाकत नाही, तडकतो. तडा बाहेरून केसासारखा दिसतो. सामन्यानंतर शाफ्ट पुसून नखानं लांबीभर खरवडत न्या, नख अडकलं तर तिथे बोट फिरवू नका, तंतू कातडीत घुसतात. असा शाफ्ट टेप गुंडाळून वापरायचा नाही, तो खेळताना दुभंगला तर उघडं टोक समोरच्याच्या अंगावर जातं. कार्बनचे फायदे दोन. मार्चमधल्या थंडीत हाताला गारठा कमी लागतो, आणि बनवणारे हवा तसा लवचीकपणा देऊ शकतात. चांगला कार्बन पोल साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या दुप्पट-तिप्पट किमतीला जातो.

पहिल्या वर्षी मधल्या किमतीचा अ‍ॅल्युमिनियम घ्यावा असं माझं ठाम मत आहे. नवा डिफेंडर काठी जमिनीवर, गोलच्या पाइपवर, दुसऱ्याच्या शाफ्टवर भरपूर आपटतो. तो मार धातूनं खाल्लेला परवडतो.

लाँगस्टिक_७२
इथे मात्र असहमत. बारीक अंगाच्या मुलाला हलका पोलच द्या. पोक चेक (काठी सरळ पुढे खुपसून केलेला चेक) करताना खालचा हात ठोसा मारल्यासारखा पुढे जातो आणि वरचा हात सैल राहून नळीसारखं काम करतो, काठी त्यातून सरकते. नेम अटॅकमनच्या खालच्या हाताच्या ग्लोव्हवर. काठी जड असेल तर पुढे गेलेलं हेड खाली झुकतं, परत वर येईपर्यंत समोरचा हात बदलून मोकळा झालेला असतो. दुसरा पोक होतच नाही.

कर्वेरोड
क्रिकेटवाल्यांना कळेल असं सांगायचं तर बॅटचं पिकअप जसं वजनकाट्यावर कळत नाही, हातातच कळतं, तसंच ना हे? एकूण वजन एक आणि टोकाकडचं वजन वेगळं.

लाँगस्टिक_७२
@कर्वेरोड, अगदी बरोबर. हेड बसवून काठी एका बोटावर आडवी तोलून बघायची. तोलाचा बिंदू हेडकडे जितका सरकलेला तितकी ती पोकसाठी मंद. म्हणून दुकानात नुसता शाफ्ट उचलून 'काय हलका आहे' म्हणू नका. आपलं हेड घेऊन जा आणि बसवून उचला.

पिवळा_रुमाल
जड पोलनं स्लॅप (काठी फिरवून मारलेला चेक) जोरात बसतो म्हणून जड घ्या, असाही सल्ला देणारे भेटतात. स्लॅपची जागा फक्त चेंडू असलेल्या खेळाडूची काठी आणि काठी धरलेला ग्लोव्हातला हात. दंडावर, खांद्यावर, हेल्मेटवर पडला की स्लॅशिंग, एक ते तीन मिनिटं बाहेर. जड काठी वेळेत थांबवता येत नाही, त्यामुळे मनगटावर टाकलेला स्लॅप घसरून कोपरावर जातो. पंचाला जोर दिसतो, हेतू दिसत नाही.

जाळीवाला
दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही, तो मी घेतो. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

जुनं हेड पोलवर बसतं का? बसतं. बहुतेक कंपन्यांचे गळे एकमेकांच्या शाफ्टवर चढतात. पण मिडी आणि अटॅकची हेड मुद्दाम अरुंद आणि किंचित लवचीक केलेली असतात, चेंडू पकडून धावता यावं म्हणून. डिफेन्सला दोन कामं वेगळी असतात. पहिलं, गर्दीतला ग्राउंड बॉल. त्यात हेडवर वरून दुसऱ्याची काठी दाबलेली असते आणि आपण सहा फुटांवरून जोर लावतो. गळा लवचीक असेल तर हेड मागे वाकतं, स्कूप (हेडचं पुढचं टोक) जमिनीपासून उचलला जातो, चेंडू खालून निघून जातो. दुसरं, हवेतला पास पाडणं. तिथे रुंद तोंड कामाला येतं. नियमानं हेडची आतली रुंदी जिथे जास्तीत जास्त असेल तिथे ६.५ ते १० इंच चालते. बाजारातली बहुतेक हेड खालच्या मर्यादेलाच चिकटलेली असतात, डिफेन्सची त्यातल्या त्यात रुंद.

म्हणून डिफेन्सचं वेगळं हेड घ्या. स्ट्रिंगकिंगचं मार्क २डी, ईस्ट कोस्ट डाइजचं रेबेल डिफेन्स, वॉरियरचं रेग्युलेटर, एसटीएक्सचं हॅमर ही त्याच कामासाठी केलेली. दुकानात दोन्ही हातांनी हेडचे दोन्ही साइडवॉल आत दाबून बघा, मग स्कूप टेबलाच्या कडेला टेकवून गळ्यावर भार द्या. किती वाकतं ते लगेच कळतं. स्कूपची कड सपाट आणि पातळ हवी, फार टोकदार गोल नको, नाहीतर चेंडूखाली बरोबर मधोमध गेल्याशिवाय तो आत येत नाही.

मृण्मयी_बे
जाळीवाले, हे फारच उपयोगी पडलं. जुनं हेड तूर्तास चालवून सीझनच्या मध्यावर नवं घेतलं तर?

जाळीवाला
चालेल, फक्त गळ्याला तडा नाही ना ते बघून. काढताना जबरदस्ती करू नका. स्क्रू काढा, गळ्यावर मिनिटभर गरम पाणी सोडा, मग सरळ रेषेत ओढा. पिळून काढलं की गळा आतून फाटतो. बसवल्यावर हेड खडखडत असेल तर शाफ्टच्या टोकाला मास्किंग टेपचे एक-दोन वेढे देऊन परत चढवा. हातोडीनं ठोकून घट्ट बसवलेलं हेड थंडीत गळ्याशी तडकतं. स्क्रू घट्ट झाला की थांबा, अर्धा फेरा जास्त दिला तरी प्लॅस्टिकमधले आटे जातात आणि मग स्क्रू नुसता फिरत राहतो.

शाल्मली_एनजे
आणि जाळी? दुकानातून विणून आलेली तशीच ठेवायची का?

जाळीवाला
नाही. दुकानातली जाळी बहुतेक वेळा अटॅकच्या अंदाजानं विणलेली असते, व्हिप (सुटताना चेंडू खाली ओढला जाणं) जास्त. आखूड काठीत तो व्हिप चालतो. लांब काठीत टोकाचा वेग मुळातच जास्त असतो, त्यामुळे चेंडू उशिरा सुटतो आणि क्लिअरचा (आपल्या गोलपासून चेंडू पुढे नेण्याचा) पास साथीदाराच्या पायाशी जमिनीत जातो. डिफेंडरचा पास चुकला की समोर रिकामा गोल असतो, म्हणून इथे करामतीपेक्षा भरवसा हवा.

मी सांगेन ते असं. दहा डायमंडची (आडव्या ओळीत दहा घरांची) सेमी-हार्ड मेश (तयार जाळी), मेणाचा हात दिलेली, म्हणजे पावसात फुगत नाही. पॉकेट (जाळीतला चेंडू बसायचा खळगा) मधोमध. शूटिंग स्ट्रिंग (जाळीत आडव्या ओवलेल्या दोऱ्या) दोन, फार तर तीन, सगळ्या वरच्या भागात. कॉलेजच्या नियमात त्या वरून चार इंचांच्या आतच लागतात.

विणून झालं की भिंतीसमोर वीस यार्डांवर उभं राहून नेहमीच्या जोरानं फेका. चेंडू सारखा खाली जातोय, तर सर्वांत खालची शूटिंग स्ट्रिंग थोडी ढिली करा. सारखा वर उडतोय, तर तीच थोडी आवळा. एका वेळी एकच दोरी, एकच बदल, मग पुन्हा दहा फेकी. दोन दोऱ्या एकदम हलवल्या की कशानं काय झालं ते कळत नाही.

पिवळा_रुमाल
पॉकेटची खोली मोजायची रीत घरी करून बघण्यासारखी आहे. चेंडू पॉकेटच्या सर्वांत खोल जागी ठेवा, हेड डोळ्यांच्या उंचीला आडवं धरा. चेंडूचा वरचा भाग आणि साइडवॉलची खालची कड यांच्या मधून उजेड दिसला की पॉकेट खोल, काठी बाद आणि वर पेनल्टी. दुसरी तपासणी, काठी पुढे झुकवून उलटी केली की चेंडू आपोआप पडला पाहिजे. अडकला तर तीही बाद.

पाऊस पडलेल्या सामन्यात मध्यंतरानंतर परत बघा. पहिल्या हाफला नियमात असलेली मऊ मेश दुसऱ्या हाफला नियमाबाहेर जाते. तळाची दोरी एका गाठीनं आवळली की सहसा भागतं.

आणखी दोन बारीक गोष्टी. पोकळ शाफ्टच्या खालच्या टोकाला बूच हवंच, ते हरवलेल्या काठीनं खेळता येत नाही. आणि टेपसकट दांड्याचा घेर ३.५ इंचांच्या वर जाता कामा नये. पोलवर टेपचा गठ्ठा करणाऱ्यांनी शिवणकामाची फीत गुंडाळून बघा.

लाँगस्टिक_७२
टेपवरून. खालच्या टोकाला कापडी टेपचे दोन-तीन वेढे एकावर एक देऊन छोटा कंगोरा करा, म्हणजे एका हातानं काठी फिरवली तरी हातातून सुटत नाही. वर, जिथे दुसरा हात नेहमी परत येतो तिथे एकच वेढा, नुसतं बोटांना जागा कळण्यापुरता. मधला भाग मोकळा ठेवा, तिथून हात सरकायचा असतो. तिथे टेप लावला की पोक अडकतो.

डॉ_शर्वरी
शोल्डर पॅडच्या नियमामागचं कारण थोडं सविस्तर लिहिते, कारण 'डिफेंडरला कोण मारतंय, त्याला पातळ पॅड पुरे' असं सर्रास ऐकू येतं.

कमोशिओ कॉर्डिस म्हणजे छातीवर, बरोबर हृदयाच्या जागी, चेंडूसारख्या कठीण वस्तूचा आघात होऊन हृदयाची लय बिघडणं. हाड मोडत नाही, जखम दिसत नाही. हृदयाच्या ठोक्याच्या आवर्तनात (ईसीजीवरच्या) टी लहरीचं शिखर यायच्या जरा आधी काही मिलिसेकंदांची फट असते, तेवढ्यात आघात झाला तर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदयाची नुसती निष्फळ थरथर) सुरू होतं आणि खेळाडू जागीच कोसळतो. निरोगी, किशोरवयीन मुलांत हे जास्त दिसतं, कारण त्यांच्या छातीचा पिंजरा लवचीक असतो. लॅक्रॉसचा चेंडू घट्ट रबराचा, वजन ५ ते ५.२५ औंस. शॉट अडवायला वाटेत उभा राहतो तो डिफेंडर. म्हणजे अटॅकमनपेक्षा त्याच्या छातीवर चेंडू यायची शक्यता जास्त.

एनडी २०० चा पॅड धोका कमी करतो, शून्य करत नाही. म्हणून मैदानावर एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कुठे आहे हे प्रत्येक पालकाला ठाऊक असावं. मूल कोसळलं तर आधी छाती दाबायला सुरुवात, एकानं ९११, एकानं एईडी आणायला पळायचं. पहिली दोन-तीन मिनिटं फार मोलाची असतात.

शाल्मली_एनजे
डॉक्टर, मनापासून आभार. हे संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते.

बाल्टिमोरकर
डॉ_शर्वरींच्या प्रतिसादाला जोडून. एनडी २०० पॅडमध्येही दोन घाट मिळतात. एक खांद्यावर वाट्या असलेला, दुसरा 'लायनर', वाट्या नसलेला, छातीची पट्टी तेवढी जाड. डिफेन्सला लायनर घ्या. खांदे मोकळे राहतात, पोल डोक्यावरून फिरवता येतो. माप बरोबर असेल तर हात वर केल्यावरही छातीची पट्टी हृदयावरून सरकत नाही. दुकानात हीच चाचणी करा, दोन्ही हात वर, मग आरशात बघा. मोठा पॅड 'वाढत्या अंगाचा' म्हणून घेऊ नका.

स्वप्ना_डॅलस
आर्म पॅडचे तीन प्रकार असतात. आर्म गार्ड जाड आणि लांब, अटॅकसाठी. मधला आर्म पॅड. आणि एल्बो पॅड, नुसती कोपरावर वाटी. डिफेन्सला शेवटचा प्रकार पुरतो, कारण चेंडू आपल्या हातात थोडा वेळच असतो. हायस्कूलला तो लागतो मात्र, काढून ठेवता येत नाही.

ग्लोव्ह्ज मिडीचे असतील तर तेच चालतील. मापं इंचांत असतात, १० म्हणजे स्मॉल, १२ मीडियम, १३ लार्ज. बोटांची टोकं ग्लोव्हच्या टोकाला जेमतेम टेकावीत. तळव्याला भोक पडलं की बदला. पकड चांगली लागते म्हणून तळवे मुद्दाम कापणारी मुलं असतात, तसा ग्लोव्ह नियमबाह्य.

माउथगार्ड पांढरा किंवा पारदर्शक चालत नाही, रंग दिसला पाहिजे.

टोरांटोकर
इकडे बॉक्स लॅक्रॉस (बंदिस्त रिंगणात खेळायचा प्रकार) जास्त, आणि तिथे हा धागा बराचसा उलटा होतो. बॉक्समध्ये लांब काठी नाहीच, डिफेन्सही आखूड काठीनं खेळतो. अंगाला अंग लागतं, पाठीवर आणि बरगड्यांवर क्रॉस-चेक (दोन हातांमधल्या दांड्यानं दिलेले धक्के) बसतात, म्हणून बरगड्यांचे आणि दंडाचे वेगळे पॅड लागतात. फिल्डचा लायनर घालून बॉक्समध्ये उतरलं तर पाठ उघडी राहते. दोन्ही खेळणाऱ्या मुलाला दोन संच लागतील हे धरून चाला.

कर्वेरोड
अवांतर: लॅक्रॉस ऑलिंपिकला परत आणायचा निर्णय झाला तो आपल्या मुंबईत. ऑक्टोबर २०२३, आयओसीचं (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं) अधिवेशन. क्रिकेटबरोबरच लॅक्रॉसही २०२८ च्या लॉस एंजेलिसला गेला. मग तिथले डिफेंडर कोणती काठी वापरणार?

पिवळा_रुमाल
@कर्वेरोड, तिथे 'सिक्सेस' प्रकार आहे. गोली धरून सहा-सहा जण, मैदान ७० बाय ३६ मीटर, ३० सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात गोलवर शॉट मारायचा). गोली सोडून सगळ्यांच्या काठ्या आखूड. लाँग पोल ऑलिंपिकमध्ये दिसणार नाही. त्यामुळे पोलवर खेळणाऱ्या मुलांनीही आखूड काठी अडगळीत टाकू नये, भिंतीवरचा सराव दोन्हींनी करावा.

कर्वेरोड
पुण्यात काही मुलं शिकू म्हणताहेत, म्हणून एक विचारतो. सुरुवातीला क्रिकेटचं हेल्मेट वापरलं तर?

बाल्टिमोरकर
नको. क्रिकेटच्या हेल्मेटची जाळी क्रिकेटचा चेंडू अडेल अशा बेतानं केलेली असते, त्याचा व्यास ७१ ते ७३ मिलिमीटर. लॅक्रॉसचा चेंडू ६३-६४ मिलिमीटरचा, फटीतून आत यायचा धोका आहे. शिवाय मागून आणि बाजूनं काठी लागण्याचा विचार त्यात केलेलाच नसतो, हनुवटीचा पट्टाही एकपदरी. लॅक्रॉसच्या हेल्मेटला चार टोकांचा पट्टा असतो आणि चारही टोकं लावायची असतात. लॅक्रॉसचं हेल्मेट येईपर्यंत टेनिसच्या चेंडूवर पकडणं-फेकणं शिका, चेक अजिबात नको.

हेल्मेटचं माप घेताना फीत भुवयांच्या इंचभर वर. घातल्यावर हेल्मेट धरून डावीउजवीकडे हलवा, कपाळाची कातडी बरोबर हलली पाहिजे. हेल्मेट घसरलं आणि कातडी जागेवर राहिली तर ते सैल.

रेवा_ह्यूस्टन
मुलींच्या डिफेन्सबद्दल कोणीच लिहीत नाहीये.

स्वप्ना_डॅलस
@रेवा, खेळच वेगळा, यादी लहान. मुलींमध्ये लांब काठी नाही. गोली सोडून सगळ्याजणींची काठी ३५.५ ते ४३.२५ इंच. डिफेन्सला वरच्या मर्यादेजवळची, ४३ इंचांची ठेवा, अडवायला तेवढाच पल्ला. पॉकेट मुलांपेक्षा बरंच उथळ: चेंडू हातानं दाबून सोडल्यावर त्याचा वरचा भाग साइडवॉलच्या वर दिसलाच पाहिजे. गॉगल्स आणि माउथगार्ड सक्तीचे. मऊ हेडगिअर बहुतेक ठिकाणी ऐच्छिक, फ्लोरिडातल्या हायस्कूलमध्ये सक्तीचं. काठ्या सतत बोटांवर लागतात म्हणून पातळ ग्लोव्ह्ज घालाच, भले सक्ती नसो.

हेडच्या बाबतीत जाळीवाल्यांचं म्हणणं इथेही लागू: डिफेन्सला ताठ.

मृण्मयी_बे
सगळ्यांचे खूप आभार. शोल्डर पॅडवर शिक्का नाही, ते बाद. तर मग क्रम काय लावू? एकदम सगळं घेणं होणार नाही.

बाल्टिमोरकर
एनडी २०० लायनर पहिला, त्याशिवाय सरावालाही उतरवू नका. मग ६० इंची अ‍ॅल्युमिनियम शाफ्ट, मधल्या किमतीचा, न कापता. हेड जुनं, पण जाळी नव्यानं विणून. सीझनच्या मध्यावर डिफेन्सचं हेड. ग्लोव्ह्ज, हेल्मेट, एल्बो पॅड आहेत तेच. बूट फुटबॉलचे असतील तर चालतील, पण लॅक्रॉसच्या बुटाला पुढे अंगठ्याखाली एक जास्तीचा खिळा असतो. मागे पळताना एकदम दिशा बदलायला तो मदत करतो. टर्फवर खेळणार असेल तर आखूड खिळ्यांचे घ्या.

लाँगस्टिक_७२
शाफ्टच्या वजनाबाबत माझं मत तेच राहील, पण क्रमाला अनुमोदन. अ‍ॅल्युमिनियममधलाच हलका बघा.

मृण्मयी_बे
आणि समजा वर्षभरानं कापायचाच ठरला तर?

जाळीवाला
कापायचा तो खालच्या टोकाकडून. वरच्या टोकाला स्क्रूचं भोक असतं. हेड बसवून एकूण लांबी मोजा, ५२ च्या खाली जात नाही ना ते बघा, आणि हवं त्यापेक्षा एक इंच कमीच कापा. अ‍ॅल्युमिनियमला नळ कापायचं हत्यार चालत नाही, शाफ्ट गोल नसतो. बारीक दातांची हॅकसॉ घ्या, खुणेवर मास्किंग टेप गुंडाळून टेपवरूनच कापा, मग कड आतून-बाहेरून कानशीनं घासा. कार्बन असेल तर मास्क लावा आणि पातं ओलं ठेवा, ती भुकटी नाकात जाता कामा नये. कापलेल्या शाफ्टची वॉरंटी सहसा जाते, हे आधीच लक्षात घ्या.

शाल्मली_एनजे
दुसरी काठी हाताशी ठेवावी का? पंचांनी एक बाद केली तर?

पिवळा_रुमाल
ठेवावी. तिघा डिफेंडरांत मिळून एक जादा पोल बेंचजवळ असला तरी भागतं, पण त्याची जाळी सामन्याआधी चेंडूनं बसवलेली असू दे. कोऱ्या जाळीत पॉकेटच नसतं, पहिला पास झेलताना चेंडू उडून बाहेर येतो. नव्या जाळीला रोज पंधरा-वीस मिनिटं भिंतीवर फेकत राहिलं तर आठवड्याभरात बसते. मार्चमध्ये पहिला सामना असेल तर आजच विणायला घ्या.